बाल्कार्सेचा सारथी

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. धान घरात येते, हातात चार पैसे खेळू लागतात, आणि पुढे थंडी भरात आली की गावोगाव शंकरपटाची दाण आखली जाते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडलेला हा पट २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळून पुन्हा सुरू झाला, तेव्हा आमच्या गोंदिया जिल्ह्यातील म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तरुणपण आल्यासारखे झाले. दिवसा पट आणि रात्री नाटक, असा हा थाट असतो. पट पाहताना सगळ्यांचे डोळे बैलांवर असतात. माझे मात्र का कोण जाणे, नेहमी धुरकऱ्याकडे जातात. एकदा एका जुन्या धुरकऱ्याला मी विचारले, "बाबा, जोडी एवढी पळवता तरी कशी?" तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, पळतात तर बैलच. मी फक्त आवरतो."

वाचकहो, त्या म्हाताऱ्याचे हे शब्द ऐकताना मला ज्याची आठवण झाली, तो माणूस आपल्या देशातला नव्हे. आमच्यापासून हजारो कोस दूर, अर्जेंटिना देशातील बाल्कार्से नावाच्या लहानशा गावचा तो एक मोटारमिस्त्री. हुआन मॅन्युएल फँजिओ हे त्याचे नाव. १९५१, १९५४, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वर्षे मोटारशर्यतीचे जगज्जेतेपद त्याने मिळवले. हा पाचाचा विक्रम २००३ पर्यंत कोणाला ओलांडता आला नाही. त्या वर्षी जर्मनीच्या मायकेल शूमाखरने सहावे जेतेपद मिळवले.

फँजिओचा जन्म २४ जून १९११ चा. इटलीतून पोटामागे आलेल्या कुटुंबातला हा मुलगा. बाप गवंडीकाम करी. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. त्यामुळे मिसरूड फुटण्याआधीच पोर मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात लागले. फुटबॉल तो झकास खेळे. त्याच्या बाकदार पायांमुळे सवंगड्यांनी त्याला 'एल चुएको', म्हणजे फेंगड्या, असे नाव ठेवले होते. जग जिंकल्यावरही ते नाव सुटले नाही आणि त्यालाही त्याचा कधी राग आला नाही. पुढे मित्रांच्या साथीने त्याने गावातच स्वतःचा कारखाना काढला. १९३६ साली तो पहिल्या शर्यतीत उतरला तो एका जुन्या फोर्ड टॅक्सीत, तीही दुसऱ्याची!

नंतर जे घडले ते मला फार मोलाचे वाटते. या मिस्त्र्याच्या हातात काही तरी आहे हे गावाने ओळखले. मित्रांनी वर्गणी काढली आणि त्याला शेव्हरोले मोटार घेऊन दिली. त्याच बळावर १९४० साली तो ब्युनोस आयरेस ते लिमा आणि परत, अशा सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. अँडीज पर्वताच्या कड्यांवरून, वाळवंटातून, दगडधोंड्यांतून ती गाडी हाकायची. वाटेत काही मोडले तर स्वतःच दुरुस्त करायचे! दोन आठवडे ती शर्यत चालली, आणि बाल्कार्सेची वर्गणी सार्थकी लागली. फँजिओ पहिला आला. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी तो आपल्या देशाचा विजेता ठरला.

त्याचे यश कशात होते? वेगात, असे कोणीही म्हणेल. पण वेग इतरांपाशीही होता. फँजिओपाशी मिस्त्र्याचा कान होता. इंजिनाचा सूर जरा बदलला की त्याला दुखणे समजे. यंत्र किती सोसेल आणि कुठे मोडेल याचा हिशेब त्याच्या हातांत मुरलेला होता. म्हणूनच इतरांच्या गाड्या वाटेत धापा टाकून उभ्या राहत आणि याची शेवटास जाई.

पण हा हिशेब त्याला फुकट मिळाला नव्हता. १९४८ साली ब्युनोस आयरेसहून काराकासला जाणाऱ्या शर्यतीत पेरू देशात त्याची मोटार उलटली. सोबत बसलेला त्याचा मित्र डॅनियल उरुतिया त्या अपघातात मरण पावला. शर्यती कायमच्या सोडाव्यात असे तेव्हा फँजिओच्या मनात आले. ते दुःख उरी बाळगूनच तो १९४९ मध्ये युरोपात गेला. वय अडतीस. ज्या वयात इतर खेळाडू निवृत्तीच्या गोष्टी करतात, त्या वयात याची खरी कारकीर्द सुरू झाली.

१९५० च्या मे महिन्यात मोनॅको येथील शर्यतीत घडलेला प्रसंग ऐकण्यासारखा आहे. समुद्राच्या लाटेने रस्ता ओला झाला होता. पहिल्याच फेरीत मागल्या बऱ्याच गाड्या एकमेकींवर आदळून वळणापलीकडे वाट अडवून पडल्या. फँजिओ सर्वांच्या पुढे होता, त्याला यातले काही ठाऊक नव्हते. दुसऱ्या फेरीत तो भरधाव त्या वळणाकडे येत होता. एवढ्यात त्याच्या ध्यानात आले की प्रेक्षक आपल्याकडे पाहतच नाहीत. सगळ्यांची तोंडे भलतीकडेच वळली आहेत. पहिला असलेल्या गाडीकडे लोक पाहत नाहीत, याचा अर्थ पुढे काही तरी भयंकर आहे! त्याने तत्काळ ब्रेक दाबला, मोडक्या गाड्यांमधून हलकेच वाट काढली, आणि शर्यत जिंकली. लोक आपल्याकडे पाहत नाहीत हे बघून रागावणारे पुष्कळ असतात. त्यातून शहाणपण घेणारा विरळा.

शहाण्याचीही चूक होते. १९५२ च्या जूनमध्ये आयर्लंडमधील शर्यत आटोपून त्याला दुसऱ्या दिवशी इटलीत मोंझाला पोहोचायचे होते. विमानाचा मेळ बसला नाही. मग पॅरिसहून रात्रभर मोटार हाकत, आल्प्स ओलांडून, तो शर्यतीला थोडा वेळ उरला असताना येऊन पोहोचला आणि तसाच न झोपता गाडीत बसला. दुसऱ्याच फेरीत गाडी हातची गेली. मानेचे हाड मोडले. ते सारे वर्ष वाया गेले.

त्या काळच्या शर्यती म्हणजे मृत्यूशी केलेली सोयरीकच होती. अंगात साधा सुती सदरा, कमरेला पट्टा नाही, रस्त्याकडेला झाडे आणि माणसे. १९५५ साली फ्रान्समधील ल मान्स येथे पिअर लव्हे याची गाडी दुसऱ्या गाडीला धडकून प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. लव्हेच्या मागोमाग फँजिओ येत होता. धडकण्यापूर्वी लव्हेने हात वर करून आपल्याला सावध केले, म्हणून आपण वाचलो, असे फँजिओ मानत असे.

पण मला, एका शिक्षकाला, सर्वांत जास्त चटका लावतो तो ऑनोफ्रे मारिमोनचा मृत्यू. हा तरुण फँजिओच्या बरोबरीच्या एका अर्जेंटिनी शर्यतपटूचा मुलगा. फँजिओने त्याला हाताशी धरले होते. ३१ जुलै १९५४ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या मार्गावर सराव करताना त्याची गाडी उतारावरून कोसळली आणि पोर जागीच गेले. दुसऱ्या दिवशी फँजिओ त्याच मार्गावर उतरला आणि जिंकला. त्या जिंकण्याला काय चव असेल?

त्याच मार्गावर ४ ऑगस्ट १९५७ रोजी त्याने आयुष्यातील सर्वांत मोठा विजय मिळवला. एक फेरी जवळजवळ तेवीस किलोमीटरची, अशा बावीस फेऱ्या. मध्येच चाके बदलण्यास आणि पेट्रोल भरण्यास तो थांबला, तिथे फार वेळ मोडला. हॉथॉर्न आणि कॉलिन्स हे दोघे इंग्रज तरुण पाऊण मिनिटाहून अधिक पुढे निघून गेले. मग सेहेचाळीस वर्षांचा हा 'म्हातारा' त्यांच्या पाठीस लागला. फेरीगणिक त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. त्याची वेगवान फेरी ९ मिनिटे १७.४ सेकंदांची, म्हणजे आदल्या वर्षीच्या विक्रमाहून चोवीस सेकंदांनी कमी! शेवटून दुसऱ्या फेरीत त्याने दोघांनाही गाठले आणि अवघ्या ३.६ सेकंदांनी तो जिंकला. ते तरुण हरूनही आनंदाने त्याच्या भोवती गोळा झाले. फँजिओला मात्र पुढे कित्येक रात्री धड झोप लागली नाही. आपण आपली मर्यादा ओलांडली होती, आणि पुन्हा कधी तसे करणे नको, हे त्याला कळून चुकले होते.

पुढल्या वर्षी फेब्रुवारीत क्यूबामध्ये शर्यतीच्या आदल्या दिवशी फिडेल कॅस्ट्रोच्या बंडखोरांनी त्याला हॉटेलातून पळवले आणि शर्यत संपल्यावर सुखरूप सोडून दिले. तिकडे शर्यतीत एक गाडी गर्दीत घुसून माणसे मेली. ६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समधील रँस येथे तो चौथा आला. त्याच शर्यतीत लुइजी मुसो हा इटालियन गडी मरण पावला. हॉथॉर्न पहिला येत होता. पण शेवटी फँजिओला एक फेरी मागे टाकण्याची वेळ आली तेव्हा त्याने आपली गाडी हळू केली. गुरूला मागे टाकायचे नाही, एवढा मान! गाडीतून उतरल्यावर फँजिओने ठरवले, की आता पुरे. जागतिक स्पर्धेतील ५१ शर्यतींत २४ विजय मिळवून तो घरी परतला.

त्याच्यामागे काय झाले पाहा. महिनाभरात कॉलिन्स न्युर्बुर्गरिंगला गेला. हॉथॉर्न त्या वर्षी जगज्जेता झाला आणि त्यानेही शर्यती सोडल्या. पण १९५९ च्या जानेवारीत इंग्लंडमधील साध्या रहदारीच्या, पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर भरधाव जाताना त्याची मोटार झाडावर आदळली. वय एकोणतीस! शर्यतीच्या मैदानावर जे झाले नाही ते घराबाहेरच्या रस्त्यावर झाले.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. माझा एक विद्यार्थी असाच गेला. मंडईची रात्र, नवी फटफटी, मागे दोन मित्र आणि समोर अंधारात उभी असलेली धानाची ट्रॉली. वर्गात तो मागल्या बाकावर बसे आणि गणितात हुशार होता. मी त्याला वेळ, वेग आणि अंतराची उदाहरणे शिकवली. थांबायला किती अंतर लागते, हे मात्र शिकवायचे राहून गेले. पुस्तकात ते उदाहरण नव्हते, असे म्हणून मला सुटता येत नाही. आता मी ते दरवर्षी फळ्यावर घालतो.

फँजिओ पुढे सदतीस वर्षे जगला. १९८६ साली बाल्कार्सेत त्याच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. ज्या गावाने वर्गणी काढून गाडी दिली, त्या गावात त्याच्या गाड्या आणि चषक पाहायला आज दुरून माणसे येतात. १७ जुलै १९९५ रोजी तो ब्युनोस आयरेसमध्ये वारला आणि त्याच आपल्या गावच्या मातीत विसावला. ज्या पिढीतले इतके शूर ऐन तारुण्यात गेले, त्या पिढीतला सर्वांत वेगवान माणूस चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन अंथरुणावर गेला, याहून मोठा विजय कोणता?

यंदाही मंडई भरेल, पट होतील, रात्री नाटके रंगतील. पोरे गाड्या काढतील. त्यांना कोण अडवणार, आणि का अडवावे? फक्त घरून निघताना थोरांनी त्या धुरकऱ्याचे बोल त्यांच्या कानावर घालावेत. पळते ते यंत्रच. आवरतो तो सारथी.