रत्नागिरीत गाड्यांचा बाजार पूर्वेकडे का सरकला?

रत्नागिरीत नवी गाडी बघायची असो की जुनीचं सर्व्हिसिंग, स्टिअरिंग पूर्वेकडेच वळतं. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव, खेडशी, पुढे हातखंबा. शोरूम, वॉशिंग सेंटर, टायरची दुकानं याच रस्त्याला आणि जवळच्या मिरजोळे एमआयडीसीत दिसतात. (मारुती मंदिर हे नाव गाडीवरून पडलेलं नाही. देव आधीचा!)

एकेकाळी या शहराचं तोंड पश्चिमेला होतं. मुंबईची माणसं आणि सामान बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या बोटींनी यायचं. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. या घाटवाटेवर धावायच्या खाजगी सर्व्हिस मोटारी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा देशभर अनेक मोटारी कोळशाच्या गॅसवर चालल्या. त्या काळी वाटेत गाडी बंद पडली तर ड्रायव्हरच मेस्त्री.

1 जून 1948ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे प्रवासी वाहतूक सरकारकडे गेली, तसे खाजगी मोटारवाले मागे पडले. डेपो आणि कार्यशाळेमुळे इंजिन उतरवणं, पाटे बदलणं ही कामं गावातच व्हायला लागली. खाजगी गाड्या मात्र मोजक्याच. फिएट किंवा अ‍ॅम्बॅसिडरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. शोरूम उघडून तिथे ठेवणार काय? म्हणून अशा गावांत विक्रीआधी दुरुस्ती रुजली.

डिसेंबर 1983मध्ये मारुती 800 आली आणि हळूहळू मध्यमवर्गाच्या दारात गाडी उभी राहिली. 26 जानेवारी 1998ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. स्टेशनही कुवारबावच्याच बाजूला. मुंबई-गोवा महामार्ग हातखंब्यावरून जातो, कोल्हापूरचा रस्ताही तिथूनच. जागा मोकळी, ट्रेलर सहज वळतो. बंदराजवळच्या चिंचोळ्या रस्त्यांवर हे जमलं नसतं.

पण इथल्या गॅरेजचं खरं गिऱ्हाईक म्हणजे हवामान. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खारी हवा. लाल चिखल मडगार्डच्या आत चिकटून राहतो, ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. वरून रंग चकाचक, दाराची खालची कड मात्र बोटाने दाबली की भुगा. म्हणून पावसाआधी अंडरकोटिंग आणि पावसानंतर खालून धुलाई हा इथे चैनीचा खर्च नाही. घाटामुळे ब्रेक आणि क्लच प्लेटही लवकर झिजतात. आंब्याच्या हंगामात पेट्या घेऊन वाशीला पळणारी पिकअप एक दिवसही उभी ठेवणं परवडत नाही. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या येतात, त्या महामार्गाचे खड्डे सोसूनच. त्या महामार्गाचं चौपदरीकरण 2011मध्ये सुरू झालं होतं, हे सांगायलाच नको!

आता अडचण वेगळी आहे. 1 एप्रिल 2020पासून देशभर बीएस-6 गाड्याच विकल्या जातात. त्यांचा बिघाड कानाने इंजिन ऐकून कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. स्कॅनर महाग, सॉफ्टवेअर कंपनीचं आणि वॉरंटी जाईल या भीतीने मालक बाहेरच्या गॅरेजकडे फिरकत नाही. हा प्रश्न देशभरचाच. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014मध्ये 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

त्यातच मिऱ्या-नागपूर महामार्गाचं रुंदीकरण. रस्ता रुंद होताना मोजपट्टी सगळ्यात आधी पोहोचते ती कडेच्या पंक्चरवाल्याकडे आणि पत्र्याच्या शेडमधल्या मेस्त्रीकडे. शोरूमला मागे सरकायला जागा असते. मेस्त्रीकडे उरतात त्या वॉरंटी संपलेल्या गाड्या, रिक्षा, पिकअप आणि गंज.