टीव्हीच्या पाठीमागची दारे : एका टंचाईचा इतिहास

१/ सेट-टॉप बॉक्स, दोन गेम कन्सोल आणि एक साउंडबार. एवढी यंत्रे जमली की टीव्हीमागचे एचडीएमआय पोर्ट अपुरे पडतात. ही टंचाई आजची नाही. तिचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे.

२/ टीव्ही हे मुळात ग्राहकयंत्र. केंद्राने प्रक्षेपित करावे, घरातल्या संचाने ग्रहण करावे, एवढीच अपेक्षा होती. त्यामुळे बाहेरून आत जाणारी वाट एकच : अँटेनाची. शिवाय अनेक जुन्या संचांचा धातूचा सांगाडा थेट घरातील विजेशी जोडलेला असे. त्यात भलतीकडून तार घालणे जिवावर बेतले असते.

३/ १९६६ मध्ये अमेरिकेतील अभियंता राल्फ बेअर यांनी टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना मांडली. तिच्यातून १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीचा 'ओडिसी' हा पहिला घरगुती कन्सोल बाजारात आला. त्याने त्या एकमेव वाटेचाच आधार घेतला. तो जणू एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच होता. ३ किंवा ४ क्रमांकाचे चॅनल लावले की खेळ दिसे. आवाज मात्र नव्हताच.

४/ अँटेना आणि कन्सोल यांच्यामध्ये एक छोटी स्विच-पेटी बसे : कळ इकडे केली की कार्यक्रम, तिकडे केली की खेळ. तरीही हा कन्सोल केवळ मॅग्नावॉक्सच्याच टीव्हीवर चालतो, असा गैरसमज ग्राहकांत पसरला. जोडणीचे सर्वमान्य मानक नसले की असा संशय उत्पन्न होतोच.

५/ भारतात नव्वदच्या दशकात हाच प्रसंग घरोघरी घडला. केबलची पिन काढून कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमची पिन लावायची आणि बातम्यांची वेळ झाली की ती परत काढायची. एका पोर्टावर दोन पिढ्यांचा हक्क होता.

६/ फ्रान्सने हा प्रश्न कायद्याने सोडवला. १९८० पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या टीव्हीला २१ पिनांचा 'स्कार्ट' पोर्ट सक्तीचा झाला. एकाच जोडणीतून चित्र व ध्वनी आत येत आणि बाहेरही जात. पुढे हा पोर्ट युरोपभर रुजला.

७/ २००२ च्या अखेरीस सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची आदी सात कंपन्यांनी एचडीएमआय हे मानक आणले. चित्र आणि ध्वनी दोन्ही अंकीय स्वरूपात, एकाच केबलमधून. पुढे टीव्ही सडपातळ होत गेले. त्यांत चांगल्या स्पीकरला जागा उरली नाही आणि साउंडबार घरात आला.

८/ पण टीव्हीचा आवाज साउंडबारकडे न्यायचा कसा? २००९ मध्ये एचडीएमआय १.४ ने 'ऑडिओ रिटर्न चॅनल' म्हणजे 'आर्क' दिला : ध्वनी त्याच केबलमधून उलट दिशेने. स्कार्टचा जुना विचारच नव्या रूपात परतला.

९/ २०१७ च्या एचडीएमआय २.१ ने सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंतचा वेग आणि सुधारित 'ई-आर्क' आणला. २०२० मधील प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांना तो वेग हवा होता. मात्र अनेक संचांतील मुख्य चिपमुळे असे वेगवान पोर्ट दोनच मिळाले आणि त्यांतलाच एक ई-आर्कचा निघाला. साउंडबार जोडताच कन्सोलसाठी वेगवान पोर्ट एकच उरतो.

१०/ म्हणून पोर्टांची संख्या नव्हे, क्षमता पाहावी. साउंडबार ई-आर्कवर. ४के १२० हर्ट्झचा कन्सोल उरलेल्या वेगवान पोर्टवर. सेट-टॉप बॉक्स आणि जुने कन्सोल साध्या पोर्टांवर. वेगवान कन्सोल दोन असतील तर २.१ क्षमतेचा स्विच मध्ये घालावा. साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडूनही पोर्ट मोकळा होतो. परंतु १९८३ पासूनची ही वाट ५.१ ध्वनी संकुचित स्वरूपातच वाहते, ॲटमॉस तिला पेलत नाही.

११/ १९७२ ची स्विच-पेटी आणि आजचा एचडीएमआय स्विच यांचे काम एकच आहे. पडद्यावर अधिकार कोणाचा, हा घरातला वाद दिसतो खरा. परंतु त्याचा अर्धा निकाल संच घरी येण्यापूर्वीच लागलेला असतो. कधी तो कायदा लावतो, कधी कंपन्यांचा करार, तर कधी एक चिप.