सीप्झ, सोप आणि जावा ११ चा धक्का

आजचा एपिसोड अंधेरी पूर्वेच्या सीप्झपासून सुरू करू. १९७३ साली ते उभं राहिलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. टाटांनी अमेरिकेच्या बरोज कंपनीबरोबर सॉफ्टवेअर निर्यातीचं काम तिथेच मांडलं. जुहूला १९८५ मध्ये एनसीएसटी आली, आणि अर्नेटमधून इथले संगणक बाहेरच्या जगाशी बोलू लागले. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रोग्रामरचं दुखणं एकच: कोड इथे, आणि ज्याच्याशी बोलायचं ती मशीन भलतीकडेच.

२००० मध्ये सोप १.१ आलं, पुढच्या वर्षी डब्ल्यूएसडीएल. म्हणजे सर्व्हिसनेच सांगायचं, माझा पत्ता हा, मला असं विचारा. त्या फाइलवरून क्लायंटचा कोड आपोआप तयार. २००६ च्या डिसेंबरात जावा ६ ने जॅक्स-डब्ल्यूएस थेट जेडीकेतच घातलं. फुकटात मिळतंय म्हटल्यावर पॉम फाइलमध्ये त्याची नोंद कोण करणार? कोणीच केली नाही. खरी मेख इथेच आहे.

२०१७ ला जावा ९ ने ते मॉड्यूल बाजूला सारलं, २०१८ च्या सप्टेंबरात जावा ११ ने काढूनच टाकलं. कारण काय, तर ही लायब्ररी वेगळी मिळतेच, दोन ठिकाणी कशाला सांभाळायची? मुद्दा बरोबर होता हो. पण लॅपटॉपवर जावा ८ आणि सर्व्हरवर ११ असेल, तर डेस्कवर सुरळीत चाललेला क्लायंट रात्रीच्या डिप्लॉयमेंटला 'क्लास सापडत नाही' म्हणून कोसळतो, आणि शेवटची लोकल चुकते ती तुमची.

उपाय: जॅक्स-डब्ल्यूएस रनटाइम २.३ पॉममध्ये टाका. थेट ३ किंवा ४ नको. 'जावाएक्स' या नावाखाली पुढे बदल करायला ओरॅकलची मुभा मिळाली नाही, म्हणून २०२० मध्ये पॅकेजचं नाव 'जकार्ता' झालं. जुने स्टब ते नाव ओळखतच नाहीत, ते नव्याने बनवावे लागतात.

एवढं करूनही कॉल जात नसेल, तर डब्ल्यूएसडीएलमधला पत्ता उघडून बघा. पुष्कळदा तिथे टेस्ट सर्व्हरच बसलेला असतो. तो कोडमधून, एन्डपॉइंटची प्रॉपर्टी देऊन बदलता येतो. 'पीकेआयएक्स' अशी एरर आली, तर समोरच्याचं सर्टिफिकेट तुमच्या ट्रस्टस्टोअरला पटलेलं नाही. तपासणीच बंद करून मोकळं होऊ नका, योग्य सर्टिफिकेट त्यात घाला. आणि टाइमआउट स्वतः लावा, नाहीतर समोरून उत्तर आलं नाही की थ्रेड नुसता ताटकळत बसतो.