बोलक्या पुस्तकातले पान कसे उलटायचे?

१/ थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या यादीत अंधांसाठी बोलणारी पुस्तके दुसऱ्या क्रमांकावर होती; संगीत त्यांच्याही खाली. तरीही अशी पुस्तके वाचकांच्या हाती पडायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

२/ अडचण वेळेची होती. त्या काळची तबकडी चार-पाच मिनिटांत संपत असे. तीवर कादंबरी मावणार कशी? अमेरिकेत १९३४ साली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीवर बोलकी पुस्तके सुरू झाली. एका बाजूस सुमारे १५ मिनिटांचे वाचन मावू लागले. अशा संथ तबकड्या बाजारात रुळल्या त्या १९४८ नंतर. म्हणजे हे तंत्र अंध वाचकांच्या घरी आधी पोहोचले.

३/ हेलन केलर यांचा आरंभी या योजनेला विरोध होता. महामंदीत अंधांना आधी रोजगार हवा, ही चैन नंतर, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनी मत बदलले आणि योजनेसाठी सरकारी मदत मिळवण्याच्या कामात भाग घेतला.

४/ पण ही पुस्तके मुख्यतः विरंगुळ्याची. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने महाविद्यालयाचा खर्च मिळाला. क्रमिक पुस्तके मात्र वाचता येईनात. त्यांची पत्रे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आली. १९४८ साली अ‍ॅन मॅक्डोनल्ड आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी यॉर्कव्हिल शाखेच्या माळ्यावर ध्वनिमुद्रण सुरू केले. सहा इंची तबकडी, एका बाजूस १२ मिनिटे. विद्यार्थ्याला हवे तेच पुस्तक स्वयंसेवक वाचत.

५/ तरी एक उणीव राहिलीच. कादंबरी सलग ऐकता येते. अभ्यासात मागे-पुढे जावे लागते. शिक्षक म्हणाले, ‘पान ११२ काढा’, तर तबकडीवर ते शोधायचे कुठे? पुढे कॅसेट आली, पण तीही अंदाजानेच मागे-पुढे फिरवावी लागे. ऐकणे साधले, अभ्यासणे अडखळतच राहिले.

६/ याचे उत्तर १९८८ पासून स्वीडनमध्ये शोधले जाऊ लागले. १९९६ साली अनेक देशांतील ग्रंथालयांनी एकत्र येऊन ‘डेझी’ संघ स्थापला. डेझी पुस्तकात प्रकरण, उपशीर्षक आणि पृष्ठांक यांच्या खुणा आवाजाशी जोडलेल्या असतात. श्रोता थेट पान ११२ वर जाऊ शकतो.

७/ उरला अडसर स्वामित्वहक्काचा. अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याची वाट २०१३ च्या माराकेश कराराने मोकळी केली. त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता.

८/ डोळस वाचक पान मागे उलटतो, तेव्हा त्यात काही विशेष आहे असे त्याला वाटतही नाही. फोनोग्राफपासून मोजले, तर तेवढी सोय अंध विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली.