तेल धरून ठेवायची गोष्ट

"पुढच्या शॉकअपचं तेल गळतंय, सील गेलंय." हे वाक्य बाईक चालवणाऱ्या बहुतेकांनी गॅरेजमध्ये एकदा तरी ऐकलेलं असतं. आपण गंभीरपणे मान डोलावतो, संध्याकाळी पैसे देऊन गाडी घेऊन येतो आणि विसरून जातो. सील म्हणजे नेमकं काय गेलं आणि ते तिथे मुळात का होतं, हे विचारायचं राहून जातं.

आपले मेकॅनिक ज्याला पुढचे शॉकअप म्हणतात तो टेलिस्कोपिक फोर्क. एका नळीत सरकणारी दुसरी नळी, आत स्प्रिंग आणि कपभर तेल, आणि दोन नळ्यांच्या मधल्या फटीत रबराचं एक कडं, म्हणजे सील. फोर्कचा इतिहास वाचताना मला राहून राहून वाटलं की यात स्प्रिंगची गोष्ट फार थोडी आहे. स्प्रिंग सगळ्यांना जमली. तेल आत धरून ठेवणं जमायला मात्र पाव शतक लागलं.

इंग्लंडमधल्या आल्फ्रेड स्कॉटच्या मोटारसायकलींना १९०८ च्या सुमारासच सरकत्या नळ्यांचा फोर्क होता. म्हणजे कल्पना जुनीच. पण त्यात तेलाचं डँपिंग नव्हतं. नुसत्या स्प्रिंगवर गाडी टाकली की काय होतं हे शाळेत स्प्रिंगला वजन टांगलेल्या कोणालाही आठवेल. खड्डा मागे गेला तरी गाडी हिंदकळत राहते. ती ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना गर्डर फोर्क असायचा. सायकलच्या चिमट्याचा दणकट भाऊ म्हणा, वर जोडपट्ट्या आणि एक मोठी स्प्रिंग. हिंदकळणं जिरवायला त्यात घर्षणाच्या चकत्या असत, आणि रस्ता बघून चालवणाऱ्याने बाजूची मूठ हाताने घट्ट-सैल करायची! (वापरकर्त्याकडून रन-टाइमला कॉन्फिगरेशन करून घेणे ही काही आपल्या क्षेत्राने लावलेली शोधपट्टी नव्हे. :-))

१९३४ मध्ये डेन्मार्कच्या निंबसने टेलिस्कोपिक फोर्क आणला. निंबस बनवणारी फिस्कर अँड नीलसन ही कंपनी निलफिस्क नावाचे व्हॅक्युम क्लीनरही बनवायची. पण त्या फोर्कमध्येही सुरुवातीला तेलाचं डँपिंग नव्हतं, ते आलं १९३९ मध्ये. मान गेला बीएमडब्ल्यूकडे. १९३५ च्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर तेलाने डँपिंग होणारा टेलिस्कोपिक फोर्क होता, आणि नियमित उत्पादनातल्या मोटारसायकलीवर तो पहिलाच. युक्ती साधी आहे. नळी खाली-वर होताना तेलाला बारीक भोकांतून जावं लागतं, त्याला जोर लागतो, आणि तो जोर उष्णता होऊन निघून जातो. चकत्या झिजणं नाही, मूठ फिरवणं नाही.

फक्त आता नळी हजारो वेळा वर-खाली होणार, बाहेरून धूळ-पाणी येणार, आणि तेल तरीही आतच राहायला हवं.

इथे गोष्ट अशा ठिकाणी वळते जिथे मोटारसायकलींचा मागमूस नाही. जर्मनीतल्या वाइनहाइम गावात फ्रॉयडेनबर्ग नावाच्या कुटुंबाचा १८४९ पासून कातडी कमावायचा धंदा होता. १९२९ च्या मंदीत चामड्याचा बाजार झोपला. मग हाताशी असलेल्या चामड्याचं दुसरं काय करता येईल याचा शोध सुरू झाला, आणि मोटारींच्या फिरत्या दांड्यांभोवती तेल अडवणारी चामड्याची कडी बनायला लागली. वॉल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरून त्यांना 'सिमरिंग' म्हणू लागले. १९३६ पासून त्यात चामड्याऐवजी कृत्रिम रबर आलं. तेलात फुगून न जाणारं नायट्राइल रबर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्याच दशकात तयार केलेलं होतं. सिमरिंग होतं फिरत्या दांड्यासाठी, आणि फोर्कची नळी फिरत नाही, सरकते. पण तत्त्व तेच: रबराचा पातळ ओठ, आणि तो नळीला घट्ट चिकटून राहावा म्हणून मागे बांगडीसारखी गोल वळवलेली नाजूक स्प्रिंग. आज तुमच्या बाईकचं सील उघडलंत तर तीच बांगडी दिसेल. जपानी गाड्यांना सील पुरवणारी एनओके ही कंपनी १९६० पासून याच फ्रॉयडेनबर्गची भागीदार आहे.

ओठ जिच्यावर घासतो ती नळीही तितकीच महत्त्वाची. तिच्यावरचा चकचकीत थर दिखाव्यासाठी नाही. कठीण क्रोमचा मुलामा नसता तर रबराने आणि धुळीने मिळून ती कधीच ओरखडून टाकली असती.

पुढे युद्ध आलं. १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या मॅचलेस जी३/एल वर 'टेलिड्रॉलिक' फोर्क आला, उघडउघड बीएमडब्ल्यूच्या धर्तीवरचा. शत्रूचीच रचना, पण सैनिकांना गाडी आवडली. युद्धानंतर नॉर्टन, ट्रायम्फ, बीएसए सगळे त्याच वाटेने गेले. १९४९ मध्ये हार्लेनेही हायड्रा-ग्लाइड काढली. नावातच हायड्रॉलिक!

इथवर ही गोष्ट 'चांगलं तंत्रज्ञान जिंकलं' छापाची वाटते. तशी ती नाही. व्हिन्सेंट कंपनीच्या लोकांना टेलिस्कोपिक फोर्क लवचिक, म्हणून अविश्वासू वाटायचा. त्यांनी १९४८ मध्ये तेलाचं डँपिंग असलेला गर्डर फोर्क काढला. आणि कमाल म्हणजे १९५५ मध्ये खुद्द बीएमडब्ल्यूनेच टेलिस्कोपिक सोडून दिला आणि अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रजाचा फोर्क घेतला. त्यात चाक एका आडव्या झुलत्या चौकटीत असतं आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर वेगळे. ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसत नाही, उलट किंचित वर उचलते. साइडकारसाठी तर तो फारच सोयीचा. पण लोक छोट्या मोटारी घ्यायला लागले, साइडकार संपत आल्या, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना सडपातळ गाडी हवी होती. १९६९ च्या मॉडेलांपासून बीएमडब्ल्यू निमूटपणे टेलिस्कोपिकवर परतली. माझ्या मते टेलिस्कोपिक फोर्क जिंकला तो स्वस्त, सुटसुटीत आणि दिसायला नेटका होता म्हणून. ब्रेक मारल्यावर आपण सगळे जे पुढे झुकतो, ती त्या तडजोडीची किंमत.

आपल्याकडे हे दोन्ही पंथ एकाच रस्त्यावर नांदले. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेटबरोबर टेलिस्कोपिक फोर्क इथलाच झाला. दुसरीकडे एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ होती, मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली. तिचा पुढचा चिमटा अर्ल्सच्या घराण्यातला! दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून गावातून येणारी राजदूत ज्यांनी पाहिली आहे त्यांनी, या एका बाबतीत तरी, पन्नाशीच्या दशकातल्या बीएमडब्ल्यूची चुलत बहीण पाहिली आहे. मग १९८५ मध्ये सीडी १०० आणि आरएक्स १०० आल्या, आणि टेलिस्कोपिक फोर्क घरोघरी पोचला. त्याच वर्षी फक्त शॉक अ‍ॅब्झॉर्बर बनवायला मुंजाल शोवा उभी राहिली. आज पुण्याजवळ चाकणला आणि औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूजला फोर्क ढिगाने बनतात.

आता विकांताचं काम. मागच्या महिन्यात माझ्या बाईकच्या उजव्या नळीवर तेलाचं वर्तुळ दिसलं. उजव्या बाजूला डिस्क ब्रेक आहे, आणि हे तेल ओघळत ब्रेक पॅडवर गेलं तर पुढचा ब्रेक नावापुरताच उरतो. म्हणजे 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणण्यातली गोष्ट नाही. दोन्ही बाजूंची सील, दोन लहान डबे तेल, एक लांब अ‍ॅलन की. घरमालकांची परवानगी घेऊन पार्किंगमध्ये मांड मांडली.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी मोजकं. तळाचा अ‍ॅलन बोल्ट वरचं झाकण उघडण्याआधी सैल करा. स्प्रिंगचा दाब असेपर्यंत आतला दांडा बोल्टबरोबर गरगर फिरत नाही. ब्रेकचा कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा. निघालेलं तेल काळपट करडं असेल आणि त्याला मेलेल्या माशासारखा वास येईल. तो करडा रंग झिजलेल्या धातूचा. (ते गटारात नको. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला त्याच्या जुन्या तेलाच्या डब्यात घेतो.) नळीवरून नख फिरवा. जिथे नख अडकेल तिथे गंजाची खळी आहे, आणि ती गुळगुळीत केल्याशिवाय नवीन सीलही महिन्यात जाईल. सीलची बांगडीवाली बाजू खाली, तेलाकडे. बसवताना नळीच्या टोकावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी चढवा म्हणजे ओठ फाटत नाही. ठोकायला योग्य व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उत्तम.

तेलाबद्दल एक सावधगिरी. डब्यावर १० डब्ल्यू लिहिलेलं असतं, पण फोर्कच्या तेलात हा आकडा कंपनीगणिक बदलतो. एकाचं १० दुसऱ्याच्या १५ सारखं निघू शकतं. खरा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला असलेली सेंटीस्टोक्समधली स्निग्धता, ती कंपनीच्या माहितीपत्रकात मिळते. आणि नुसतं माप ओतून थांबू नका. स्प्रिंग काढून, नळी पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलाची पातळी दोन्ही बाजूंना सारखी करा. तेलावर उरलेली हवा दाबली जाते आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते, त्यामुळे काही मिलीमीटरचा फरकही जाणवतो.

सगळं बसवून ब्रेक धरला, हँडल दहा-पंधरा वेळा जोराने दाबलं आणि नळ्या कोरड्या फडक्याने पुसल्या. फडकं कोरडंच राहिलं. सातशे किलोमीटर झाले, अजून वर्तुळ नाही. डाव्या बाजूच्या नळीवर एक बारीक खळी आहे, ती मी घासून गुळगुळीत केली आहे, पण पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा दर रविवारी तिच्यावरून नख फिरवणं चालू आहे.