यंत्रमानवाच्या शेजारी माणूस

पुण्याच्या उत्तरेस नाशिक रस्त्यावर असलेले चाकण एकेकाळी संग्रामदुर्गासाठी आणि पुढे कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. आज ते मोटारींच्या व दुचाकींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. याच चाकणमध्ये बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० साली एक लहानशी घटना घडली. तिची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडणार नाही. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरातील युनिव्हर्सल रोबॉट्स या कंपनीने तयार केलेले हलके यांत्रिक हात तेथील जुळणीच्या लाइनवर कामगारांच्या अगदी जवळ उभे करण्यात आले. तोवर कारखान्यातील यंत्रमानव म्हटला की त्याच्याभोवती लोखंडी जाळीचे कुंपण आलेच. यंत्र कुंपणाच्या आत आणि माणूस बाहेर, ही शिस्त होती. आता हे कुंपण नाहीसे झाले आणि माणूस यंत्रमानवाचा शब्दशः शेजारी झाला.

शेजार आला म्हणजे नातेही आले. ते नाते कोणते, त्यात विश्वास किती, भीती किती, आणि यंत्र आपल्याला ओळखते असा भ्रम कितपत, या प्रश्नांचा अभ्यास करणारी एक विद्याशाखा गेल्या तीनचार दशकांत जगात उदयास आली आहे. मानव आणि यंत्रमानव यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास, असे तिचे वर्णन करता येईल. या अभ्यासकांचा इतिहास आणि आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचा इतिहास एकमेकांना कोठे भेटतात आणि कोठे भेटायचे राहून जातात, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वेठीपासून सुरुवात

‘रोबॉट’ हा शब्द मुळात नाटकातला आहे. चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. त्यातील कृत्रिम मजुरांसाठी हा शब्द चापेक यांना त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावे लागणारे काम. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. तेव्हा ‘रोबॉट’चा सर्वांत जवळचा मराठी प्रतिशब्द शोधायचाच झाला, तर तो ‘वेठबिगार’ हा ठरेल. यंत्रमानवाच्या कल्पनेत श्रमाचा आणि न्यायाचा प्रश्न जन्मापासूनच गुंतलेला आहे, हे या व्युत्पत्तीवरून ध्यानात येते.

प्रत्यक्ष कारखान्यात काम करणारा पहिला यंत्रमानव ‘युनिमेट’ हा होय. जॉर्ज डेव्हॉल यांची कल्पना आणि जोसेफ एंगलबर्गर यांची उद्योजकता यांतून तो निर्माण झाला. १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात, साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून ठेवण्याचे काम तो करू लागला. माणसाचे हात भाजणारे काम यंत्राकडे गेले, ही त्याची जमेची बाजू होती.

आपल्या पट्ट्याची जडणघडणही याच सुमारास होत होती. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळरानांवर कारखान्यांच्या छपरांची रांग उभी राहिली. १९६६ मध्ये टेल्को पुण्यात आली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. १९९९ मध्ये बजाजचा चाकण येथील कारखाना सुरू झाला, तर २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. दरम्यान २००७ साली बजाजच्या आकुर्डी येथील कारखान्यातील वाहननिर्मिती थांबली. एका ठिकाणी लाइन सुरू होते आणि दुसऱ्या ठिकाणी बंद पडते, याचा अर्थ या पट्ट्यातील कुटुंबांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

अभ्यासकांची परंपरा

टेल्को पुण्यात आली त्याच १९६६ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाच्या संगणक-कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. टंकलिखित वाक्यांना ती मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात उत्तरे देई. वस्तुतः समोरच्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडे तिला काही येत नव्हते. तरीही वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंनी तिच्याशी संभाषण सुरू केल्यावर, जरा खोलीबाहेर जाता का, असे त्यांनाच विचारले. यंत्र कसे बनले आहे हे ठाऊक असूनही माणूस त्याच्याशी जिव्हाळ्याने बोलतो, या अनुभवाने वायझेनबाउम अस्वस्थ झाले. १९७६ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि पुढे आयुष्यभर ते संगणकशास्त्रातील एक सावध करणारा आवाज बनून राहिले.

१९७० साली जपानमधील मासाहिरो मोरी यांनी वेगळीच गोष्ट मांडली. यंत्रमानव जसजसा माणसासारखा दिसू लागतो तसतसा तो आपल्याला आवडू लागतो. परंतु तो जवळजवळ हुबेहूब माणूस झाला, की मनात एकाएकी शिसारी दाटते. आवडीच्या चढणीवरील या खोल खड्ड्याला त्यांनी दरीची उपमा दिली.

१९९० च्या दशकात या विचारांना प्रयोगशाळेचे रूप आले. एम.आय.टी.मध्ये सिंथिया ब्रेझील यांनी भुवया, कान आणि ओठ हलवून भाव दाखवणारे ‘किस्मेट’ नावाचे यांत्रिक मस्तक घडवले. इंग्लंडमध्ये कर्स्टिन डाउटेनहान यांनी स्वमग्न मुलांसाठी यंत्रमानवाचा काही उपयोग होतो काय, याचा शोध आरंभला. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी सीलच्या पिलासारखा दिसणारा, कुरवाळले असता प्रतिसाद देणारा ‘पारो’ तयार केला. तो स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सोबतीसाठी वापरला जाऊ लागला. २००६ साली या विषयाला वाहिलेली पहिली आंतरराष्ट्रीय परिषद अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे भरली आणि विद्याशाखेला स्वतःचे घर मिळाले.

या अभ्यासकांमध्ये एकमत मात्र नव्हते, आणि आजही नाही. पारोमुळे वृद्धांच्या चेहऱ्यावर हसू उमटते, असे काहींनी सांगितले. शेरी टर्कल यांनी त्याच दृश्याकडे बोट दाखवून विचारले, की आपल्या आयुष्याची कहाणी सांगणाऱ्या आजीला जे ऐकत आहे, त्याला त्या कहाणीतले काय कळते? तिचे ऐकण्याचे काम आपण कोणावर सोपवून मोकळे झालो? वाचकहो, हा प्रश्न केवळ पाश्चात्त्यांचा नाही. ज्या घरांतील मुले आखातात अथवा परदेशी नोकरीला आहेत, अशा आपल्या धर्मग्रामांतील घरांचाही तो आहे.

भारतातही अशा अभ्यासाची नोंद आहे. २०१९ साली ग्लासगो विद्यापीठाचे अमोल देशमुख आणि अमृता विश्व विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी केरळातील वायनाड येथील एका सरकारी प्राथमिक शाळेत हाताच्या पंजाच्या आकाराचा, डोळे फिरवणारा ‘पेपे’ हा यंत्रमानव हात धुण्याच्या जागी भिंतीवर बसवला. लहान मुले त्याच्याकडे पाहत हात धुऊ लागली आणि हात धुण्याच्या सवयीत सुमारे ४० टक्क्यांनी वाढ झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. येथे यंत्राने शिक्षकाची जागा घेतली नाही. शिक्षकाची एक सूचना मुलांच्या लक्षात राहील, एवढेच केले. चांगल्या उपयोगाचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

लाइनवरचे नाते

आता पुन्हा कारखान्याकडे वळू. २०१५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील अ‍ॅलिसन सॉपे आणि बिल्गे मुतलू यांनी अमेरिकेतील तीन कारखान्यांत जाऊन तेथील ‘बॅक्स्टर’ नावाच्या यंत्रमानवाच्या सहवासात काम करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना एक मार्मिक भेद आढळला. जो कामगार पूर्ण पाळी बॅक्स्टरच्या बाजूला उभा असे, तो त्याच्याविषयी सहकाऱ्याविषयी बोलावे तसा बोले, त्याला स्वभाव असल्यासारखे वागवी. मेंटेनन्सच्या माणसाच्या व व्यवस्थापकाच्या लेखी मात्र ते एक उपकरण होते. म्हणजे यंत्र एकच, परंतु त्याच्याशी जडलेले नाते माणूस कोठे उभा आहे त्यावर ठरले.

चाकणमधील अनुभव यापेक्षा जुना आहे. बजाजच्या लाइनवर २०१० पासून असे यंत्रमानव आले आणि त्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. तेथील कामगारांत महिलांचे प्रमाणही लक्षणीय होते. जड, कंटाळवाणे, मनगट दुखवणारे काम हलके झाल्याने महिलांना लाइनवर उभे राहणे सोपे झाले, असे सांगितले जाते आणि त्यात तथ्य असू शकते. पुढे आपल्याच पट्ट्यात यंत्रमानव घडूही लागले. टाटा मोटर्सच्या चिंचवड येथील टाल या उपकंपनीने तयार केलेला ‘ब्राबो’ हा यंत्रमानव २०१६ साली मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात प्रदर्शित झाला आणि २०१७ मध्ये लघुउद्योगांना परवडावा अशा हेतूने बाजारात आला.

परंतु एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला खटकल्यावाचून राहत नाही. चाकणच्या या शेजाराची जी वर्णने जगभर वाचली जातात, ती प्रामुख्याने यंत्र विकणाऱ्याने आपल्या ग्राहकांसाठी लिहिलेली आहेत. त्यांत अचूकता आहे, उत्पादन आहे, विजेची बचत आहे. पाळी संपवून बसने घरी परतणाऱ्या बाईचे स्वतःचे शब्द त्यांत अभावानेच आढळतात. विक्रेत्याचा वृत्तांत खोटा असतो असे नव्हे. पण तो एका बाजूचा असतो, आणि इतिहास एका बाजूच्या साक्षीवर उभा करता येत नाही.

आरती आणि आशीर्वाद

साक्ष नोंदवल्याने काय साधते, हे २०१७ सालच्या दोन घटना शेजारी ठेवल्या असता स्पष्ट होते. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात पुण्याच्या पाटील ऑटोमेशन या कंपनीने एका औद्योगिक यांत्रिक हाताकरवी गणपतीची आरती ओवाळून दाखवली. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्याच वर्षी जर्मनीतील विटेनबर्ग येथे, धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षानिमित्त, हेसेन व नासाउ येथील प्रॉटेस्टंट चर्चने ‘ब्लेसयू-२’ नावाचा यंत्रमानव ठेवला होता. भाविकाने भाषा निवडायची, स्त्रीचा अथवा पुरुषाचा आवाज निवडायचा, मग तो हात उंचावून आशीर्वचन म्हणे आणि हातांतून प्रकाश पाडी.

विटेनबर्गला आलेल्यांनी आपली मते लेखी दिली आणि अभ्यासकांनी ती वाचून, वर्गवारी करून प्रसिद्ध केली. कोणाला गंमत वाटली, कोणाला मन शांत झाल्यासारखे वाटले, तर आशीर्वादासाठी समोर माणूसच हवा असे कोणी ठामपणे लिहिले. पुण्याच्या आरतीची दखलही पुढे घेतली गेली; अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ हॉली वॉल्टर्स यांनी २०२३ साली धार्मिक विधी करणाऱ्या यंत्रांवर लिहिताना तिचा उल्लेख केला, आणि अशा यंत्रांमुळे भक्ताचीच गरज उरणार नाही, या भाविकांच्या चिंतेकडे लक्ष वेधले. विटेनबर्गच्या सामान्य भाविकाचे मत मात्र त्याच्याच शब्दांत, जागच्या जागी टिपले गेले, हा त्या घटनेचा विशेष.

या संदर्भात आपल्या पट्ट्यातील एक जुनी रीत विसरता कामा नये. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, लेथला झेंडूचा हार चढतो. ख्रिस्ती कामगारही त्या दिवशी पेढा घेऊन सहकाऱ्यांच्या आनंदात सहभागी होतो. पण हार घालणाऱ्या कोणालाही लेथ आपले बोलणे ऐकते असे वाटत नाही. यंत्राविषयी कृतज्ञता असणे आणि यंत्राला मन आहे असे मानणे, यांतील अंतर येथील माणसाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. नवी यंत्रे हेच अंतर पुसू पाहतात, म्हणून तो जुना विवेक आज अधिक मोलाचा ठरतो.

ख्रिस्तसभेनेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील ‘अँटिका एट नोव्हा’ हे टिपण व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केले. यंत्राला व्यक्ती म्हणून भासवणे नेहमीच टाळावे आणि फसवणुकीच्या हेतूने तसे करणे हा गंभीर नैतिक अपराध होय, असा त्यातील एका मुद्द्याचा आशय आहे. त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचा संबंध १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ लिहिणाऱ्या लिओ तेरावे यांच्याशी आणि नव्या यंत्रयुगातील श्रमिकांच्या प्रश्नाशी जोडला. चापेकच्या वेठबिगारापासून निघालेला धागा असा पुन्हा श्रमाच्या प्रतिष्ठेपाशी येऊन पोहोचतो.

राहून गेलेले काम

मग आपण काय करावे? आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत भोसरी, आकुर्डी, चाकण येथे आयुष्य वेचलेली माणसे आहेत. काहींनी यंत्रमानव कुंपणाआड पाहिला, काहींच्या मुली आज त्याच्या शेजारी उभ्या आहेत. त्यांना विचारण्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. यंत्र आले त्या दिवशी त्याच्यापाशी प्रथम कोणाला उभे केले? लाइनवर त्याला कोणते नाव पडले? चूक यंत्राची झाली तेव्हा बोलणी कोणी खाल्ली? वाचलेल्या वेळात विसावा मिळाला, की उद्दिष्ट वाढले? कायम आणि कंत्राटी यांपैकी कोणाची जागा गेली?

आणि एक प्रश्न विशेषेकरून विचारावा. पूर्वी दोन कामगार शेजारी उभे राहत, काम करता करता घरचे सुखदुःख बोलत. त्या दोघांच्या मध्ये यंत्रमानव उभा राहिला, तेव्हा त्यांच्या बोलण्याचे काय झाले? अभ्यासकांचे बरेचसे लक्ष माणूस आणि यंत्र यांच्या नात्यावर राहिले आहे. यंत्रामुळे माणसा-माणसांतील नात्याचे काय होते, याची साक्ष त्या लाइनवर उभे राहिलेलेच देऊ शकतील.

ही उत्तरे वहीत उतरवली, तारीख आणि वर्ष घातले, सांगणाऱ्याच्या संमतीने जपून ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला चाकणची दुसरी बाजू मिळेल. निवृत्त झालेली पहिली पिढी अजून आपल्यात आहे, तोवर हे काम व्हायला हवे.