राणीने कापलेले केस



दीक्षेच्या वेळी केशलोच पाहताना आपले डोळे भरून येतात. देहाचा मोह सुटला, म्हणून आपण हात जोडतो.

चीनच्या मांचू राजघराण्यात मात्र राणीने केस कापायचे ते सम्राट किंवा राजमाता वारल्यावर, सुतक म्हणून. चिएनलुंग सम्राटाची दुसरी पट्टराणी नारा हिने १७६५ साली दक्षिणेच्या दौऱ्यात, नवरा आणि सासू दोघंही हयात असताना, स्वतःचे केस कापले. सम्राटाने तिला तडक बीजिंगला धाडलं. तिची मानपत्रं काढून घेतली. पुढच्याच वर्षी ती गेली. सम्राट राजधानीबाहेर होता, तो परतला नाही. अंत्यविधी पट्टराणीच्या मानाने झाले नाहीत. स्वतःची समाधीही नाही. आधी वारलेल्या दुसऱ्या एका राणीच्या समाधीत तिला ठेवलं.

आपल्याकडे लोचाआधी घरच्यांची आज्ञा असते, गुरुणी असतात, सगळा संघ साक्षीला असतो. नाराच्या पाठीशी कोणीच उभं नव्हतं. केस तेच, एकीला वंदन, दुसरीला शिक्षा.

घरातली बाई एकाएकी टोकाचं वागली, तर तिला बोल लावण्याआधी जवळ बसून विचारावं, "काय झालं गं?" अहिंसा तिथूनच सुरू होते.